रेडिओ कॉलर (वाघांचा मागोवा)

वन्य प्राण्याच्या गळ्यात बसवलेला, त्याचा ठावठिकाणा रेडिओलहरींवरून कळवणारा पट्टा. चंद्रपूर जिल्ह्यात, विशेषतः ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आणि ब्रह्मपुरी वनविभागात, स्थलांतरित करायच्या वाघांना तो लावला जातो. जुन्या व्हीएचएफ कॉलरचा ठोका अँटेना फिरवून ऐकावा लागतो. दोन-तीन जागांवरून दिशा घेतल्या की त्या रेषा छेदतात तिथे प्राणी. उपग्रह कॉलर जीपीएसने स्वतःच अक्षांश-रेखांश मोजते आणि ठरावीक अंतराने पाठवते. हौशी रेडिओचालकांच्या एपीआरएस प्रणालीत स्थानके असेच आपले ठिकाण कळवतात. फरक इतकाच, की वाघ बॅटरी बदलायला येत नाही! बॅटरी वाचवण्यासाठी नोंदी काही तासांनी घेतल्या, तर ‘प्रत्यक्ष वेळेतला’ माग हा शब्द सैलच ठरतो. दाट बांबू आणि खोल नाले संदेश अडवतात, म्हणून पायी माग काढणारे वनरक्षक लागतातच.

अशाच स्थलांतरात ब्रह्मपुरीच्या जंगलातून पकडलेल्या दोन वाघिणी मे 2023 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आल्या. ताडोब्यातून ओडिशातील सिमिलीपालला नेलेली ‘झीनत’ ही वाघीण डिसेंबर 2024 मध्ये झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये शिरली. कॉलरमुळे पथके तिच्या मागावर राहिली. 29 डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडले आणि पुढे सिमिलीपालला परत नेले.