पोटगीवर टॅक्स लागतो का?

घटस्फोटानंतर पहिल्यांदा रिटर्न भरताना हा प्रश्न हमखास पडतो. उत्तर ठरतं पोटगी कशी मिळते यावर. प्रतापगढ संस्थानच्या महेश्वरी देवी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हा फरक स्पष्ट केला. एकरकमी पोटगी ही भांडवली रक्कम, तिच्यावर टॅक्स नाही. दरमहा येणारी पोटगी मात्र उत्पन्न धरली जाते.

समजा, विष्णुपुरीतल्या एका शिक्षिकेला महिन्याला १५,००० रुपये पोटगी मिळते. वर्षाचे १,८०,००० रुपये तिला रिटर्नमध्ये 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' म्हणून पगारासोबत दाखवावे लागतील. देणाऱ्याला याची वजावटही नाही. म्हणजे त्याच पैशावर आधी त्याचा टॅक्स, मग तिचा! खटकतं, पण नियम असाच आहे. एकरकमी पैसे एफडीत ठेवले, तर व्याजावर टॅक्स लागतोच.

घटस्फोट झालेला नाही, फक्त वेगळे राहताय? नवऱ्याने मोबदला न घेता बायकोच्या नावावर केलेल्या घराचं भाडं एरवी त्याच्याच उत्पन्नात धरतात. वेगळं राहण्याच्या करारातून घर दिलं असेल, तर ते तिचं उत्पन्न. त्यामुळे हा करार लेखी करून घ्या आणि रिटर्न भरायला जाताना त्याची प्रत सीएला दाखवा.