मांजराला कुत्र्याचं खाणं चालेल का? दूध-भाकरीच्या बशीपासून नवापूरच्या कोंबड्यांपर्यंत

औषधाची चिठ्ठी हातात घेऊन उठता उठता लोक जे प्रश्न विचारतात, त्यांतला हा एक: "डॉक्टर, कुत्र्यासाठी आणलेले दाणे मांजरालाही टाकले तर चालेल ना? दोन वेगवेगळी पाकिटं कशाला आणायची?"

मी माणसांचा डॉक्टर. जनावरांच्या औषधोपचारासाठी पशुवैद्यकांकडेच जायला हवं. पण या प्रश्नाचं उत्तर ज्या शोधांतून मिळालं, त्यांचा माणसांच्या बाळांशीही संबंध आहे आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्याशीही. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितो.

आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबता येईल. मांजराने एखाद्या दिवशी कुत्र्याच्या वाडग्यात तोंड घातलं तर घाबरायचं कारण नाही. घरात दुसरं काहीच नसेल तर एक रात्र तेही चालेल, कारण मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं. पण महिनोन्‌महिने रोज तेच खाणं दिलं तर मांजर आंधळं होऊ शकतं आणि त्याचं हृदय निकामी होऊ शकतं.

"आमच्या आजीच्या घरी तर मांजर दूध-भाकरीवरच जगायचं," असं कुणीतरी म्हणणारच. बरोबर आहे, बशी मीही पाहिलेली आहे. पण बशीच्या पलीकडे बघा. आपल्याकडे घरात ज्वारी-मक्याची साठवण, गोठ्यात चारा, म्हणजे उंदीर आलेच. मांजर माणसाजवळ आलं ते मुळात त्यासाठीच. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, उंदीर वाढले आणि त्यांच्यामागे रानमांजर वस्तीत शिरलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर सापडलं आहे. तेव्हा आजीचं मांजर दूध-भाकरी चवीपुरतं खात होतं आणि त्याचं खरं जेवण रात्री कणगीमागे चालायचं. ते कुणाला दिसायचं नाही, म्हणून त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. तो माणसाबरोबर मांजराच्या आधीपासून आहे आणि माणसाचं उष्टं खात आला आहे. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात कितीतरी वाढलेल्या आढळल्या. भाकरी, भात, डाळ-पोळी त्याला पचते. मांजर मात्र होतं तसंच शिकारी राहिलं. त्याला गोड चवसुद्धा कळत नाही, कारण गोडाची जाणीव करून देणारं एक जनुक त्याच्यात बंद पडलेलं आहे.

पाकीटबंद खाणं आधी आलं तेही कुत्र्यासाठी. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटं विकायला सुरुवात केली. मांजर उंदीर धरत होतं तोवर त्याच्या खाण्याची चिंता कुणाला नव्हती. पुढे मांजर शहरातल्या बंद घरात राहू लागलं, उंदीर संपले, आणि माणूस वाडग्यात जे टाकेल तेवढंच त्याच्या पोटात जाऊ लागलं. अनेक घरांत ते कुत्र्याचंच खाणं होतं. मांजर म्हणजे लहान आकाराचा कुत्रा, असा समज त्यामागे होता. तो चुकीचा असल्याचं कळायला विसाव्या शतकाचा शेवटचा चतुर्थांश उजाडावा लागला.

१९७५ साली अमेरिकेत हेज, केरी आणि श्मिट या तिघांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध छापला. केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, हाच ज्यात प्रथिनाचा आधार होता असा आहार त्यांनी मांजरांना दिला होता. प्रथिन पुरेसं होतं, तरीही मांजरांच्या डोळ्यांचे पडदे झिजत गेले. रक्तात एकच गोष्ट फार कमी आढळली: टॉरिन. हा पदार्थ १८२७ मध्ये टीडमन आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून वेगळा केला होता. लॅटिनमध्ये बैलाला टॉरस म्हणतात, त्यावरून पुढे हे नाव पडलं. जवळजवळ दीडशे वर्षं तो पुस्तकात पडून होता. शरीर तो स्वतः तयार करतं, मग खाण्यातून मिळाला काय आणि नाही काय, अशी समजूत होती. (एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर हेच नाव वाचून काही तरुण मला विचारतात, बैलाची ताकद येते का? येत नाही. त्यात येते ती साखर आणि कॅफिन.)

कुत्रा टॉरिन बनवू शकतो, माणूसही बनवतो. इतर अमिनो आम्लांपासून ते तयार करणारी विकरं मांजरात मात्र फार मंद आहेत. वर त्याचा खर्चही थांबत नाही. पित्त तयार करताना आपलं यकृत टॉरिन कमी पडलं तर ग्लायसीन वापरून वेळ निभावतं. मांजराच्या यकृताला ती सोय नाही, त्याला दरवेळी टॉरिनच लागतं. आवक नाही आणि जावक चालू, अशा खात्याचं जे होतं तेच होतं. टॉरिन येतं मांसातून, मासळीतून. उंदराच्या अंगातही ते भरपूर असतं. भाकरीत ते नाही, आणि गाईच्या दुधात अगदी थोडं.

तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, गुस्ताव्हो अगिरे या पशुनेत्रतज्ज्ञाने तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर छापलं. कुत्र्याचं खाणं खाऊन वाढलेल्या मांजरांत त्याला तोच पडद्याचा आजार सापडला होता. कुत्र्याच्या खाण्यात टॉरिन घालायचं कारणच नव्हतं, कुत्र्याला त्याची गरज नाही म्हणून. हा आजार हळूहळू सरकतो. मांजर मिशांनी, कानांनी, सवयीने घरात नीट वावरतं, आणि मालकाला शंका येईपर्यंत बरीच नजर गेलेली असते. गेलेली नजर परत येत नाही.

या मांजरांनी माणसांच्या बाळांवर एक उपकार केला. आईच्या दुधात टॉरिन चांगलं असतं, गाईच्या दुधापासून बनवलेल्या पावडरीत ते नगण्य होतं. मांजरांचे डोळे गेलेले पाहिल्यावर बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, मग पावडरीवर वाढणाऱ्या बाळांचं, विशेषतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांचं काय? पुढे १९८४ पासून अमेरिकेत बाळांच्या दुधाच्या पावडरीत टॉरिन घालायला परवानगी मिळाली. आज डब्यावर ते नाव दिसतं त्याची सुरुवात इथे आहे. (अर्थात आईचं दूध असेल तर डबा बघायची वेळच येऊ नये.)

मांजरांचा इतिहास तिथे संपला नाही. त्या काळी पशुवैद्यकांकडे हृदय फुगून सैल पडलेली मांजरं येत. धाप लागायची, फुप्फुसात पाणी व्हायचं आणि बहुतेक मरायची. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की अशा मांजरांच्या रक्तातही टॉरिन कमी आहे. ते औषधासारखं दिल्यावर हृदय पुन्हा जोर धरू लागलं. हृदयाचा असा आजार नुसत्या एका अन्नघटकाने परतावा, हे आम्हा डॉक्टरांना आजही थक्क करतं. त्यातली अस्वस्थ करणारी बाब अशी की यातली बरीच मांजरं खास मांजरांसाठी बनवलेलं नामांकित खाणं खात होती. टॉरिनचं त्या वेळचं प्रमाण कमी पडत होतं. त्यानंतर कंपन्यांनी ते वाढवलं आणि हा आजार बघता बघता दुर्मीळ झाला. आज अमेरिकी मानकाप्रमाणे मांजराच्या कोरड्या खाण्यात किमान ०.१ टक्का आणि डबाबंद ओल्या खाण्यात, कोरड्या वजनाच्या हिशेबाने, ०.२ टक्के टॉरिन लागतं. कुत्र्यासाठी अशी किमान अटच नाही. मोठ्या मांजरासाठी प्रथिनं किमान २६ टक्के, मोठ्या कुत्र्यासाठी १८. दोन पाकिटांचा फरक पाकिटावरच लिहिलेला असतो.

अ जीवनसत्त्वाचंही असंच आहे. रातांधळेपणा टाळायला शेवग्याचा पाला, पपई, गाजर खा, असं मी तुम्हाला सांगतो, कारण त्यातल्या कॅरोटीनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. कुत्र्याचंही बनवतं. मांजराचं बनवत नाही. त्याला ते मांसातून तयारच मिळावं लागतं.

कुत्र्यासाठी मिळणाऱ्या खाऊबद्दल वेगळं सांगायला हवं. एखादा तुकडा सहसा बाधत नाही, पण तो चवीसाठी कांदा-लसणाची पूड घातलेला असू शकतो, आणि मांजराच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटतात. मऊ राहण्यासाठी काही खाऊत प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या रक्तपेशींना बाधतं. १९९६ मध्ये अमेरिकेने मांजराच्या खाण्यात ते वापरायला बंदी केली. आणि विषय निघालाच आहे तर, मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. एक गोळी जीव घेऊ शकते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. मांजराला मांसच हवं हे कळलं की पुढचा सोपा विचार असा: चिकनच्या दुकानातून कच्ची कातडी, आतडी, पाय आणून टाकावेत. स्वस्त आणि नैसर्गिक. नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्याने हा विचार करण्याआधी नवापूर आठवावं.

१८ फेब्रुवारी २००६. अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेल्या रेल्वे स्टेशनाचं आपलं नवापूर त्या दिवशी जगभरच्या बातम्यांत गेलं. तिथल्या पोल्ट्रीत मेलेल्या कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले गेले होते आणि त्यात बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. भारतात प्रथमच. परिसरातल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, माणसांची घरोघर तपासणी झाली, चिकनचा धंदा बसला. माणसांत एकही रुग्ण निष्पन्न झाला नाही. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात साथ निघाली, आणि २०२१ मध्ये ती नवापूरला पुन्हा आली.

त्याच फेब्रुवारीच्या अखेरीस जर्मनीतल्या र्‍युगेन बेटावर एक मेलेलं मांजर सापडलं आणि त्यात हाच विषाणू होता. बेटावर आधी रानपक्षी मेले होते. मांजरांना हा आजार होतो हे तोवर ठाऊक झालेलं होतं: २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या प्रयोगांत, लागण झालेली पिल्लं खाल्लेली मांजरं आजारी पडली आणि एकीकडून दुसरीला लागणही झाली. त्याच वर्षी थायलंडमधल्या एका प्राणिसंग्रहालयात कच्च्या कोंबड्या खाणारे वाघ आजारी पडले. मेलेले आणि मारावे लागलेले मिळून १४७. हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर डिसेंबर २०२४ पाहा. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. लगोलग जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्याला, पाळीव मांजरांत हा विषाणू आढळला.

म्हणून मांस द्याच, पण शिजवून. ७० अंशांच्या वर नीट तापलं की हा विषाणू टिकत नाही, साल्मोनेलासारखे जंतूही मरतात. कांदा, लसूण, मीठ-मसाला न घालता चिकन किंवा मासळी उकडा आणि उकडलेलं पाणीही त्यातच ठेवा, कारण टॉरिन पाण्यात उतरतं. ते ओतून दिलंत तर ज्यासाठी मांस आणलं तेच मोरीत गेलं. नुसत्या उकडलेल्या चिकनवरही मांजर कायम ठेवू नका, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. रोजचा आधार मांजरासाठीच्या पूर्ण आहाराचा असावा आणि पाकिटावर टॉरिनचं नाव असावं. कुत्रा-मांजर दोन्ही असतील तर मांजराचा वाडगा कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. मांजराचं खाणं खाऊन कुत्रा आंधळा होत नाही, पण लठ्ठ होतो.

आणि तुमचं मांजर गेली दोन वर्षं कुत्र्याचेच दाणे खात असेल, तर आजपासून खाणं बदला, एकदम नको, आठवडाभरात थोडं थोडं करून. या आठवड्यातच त्याला पशुवैद्यकांकडे न्या आणि डोळ्यांचे पडदे व हृदय दोन्ही तपासायला सांगा. ते धडपडत नाही, उड्या मारतं, यावर जाऊ नका. ओळखीच्या घरात आंधळं मांजरही उड्या मारतं.