टाकावरचे चंद्रसूर्य

आमच्या देवघरातला खंडोबाचा टाक आजीने नाशिकच्या सराफ बाजारातून घडवून आणलेला. ठशावर चांदीचा पत्रा ठोकून उठवलेला घोडेस्वार, मागे म्हाळसा, वर चंद्रसूर्य. "हे कशाला गं?" मी विचारायचे. "ते आहेत तोवर घर नांदावं म्हणून," आजी म्हणायची.

पुढे जव्हारच्या वाटेवर एका वारली घरात हीच जोडी भेटली. लग्नात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात: मधे पालघट देवी, भोवती चंद्र, सूर्य, फणी, शिडी. बायकांचं हे भिंतीवरचं लेणं जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकात कागदावर आणलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जपानमधल्या निइगाता प्रांतात १९८२ साली मिथिला संग्रहालय उभं राहिलं. तिथे मधुबनीबरोबर वारली चित्रंही आहेत. त्या देशात करकोचा आणि कासव दीर्घायुष्याचं चिन्ह. चित्रांत काढतात, केसांतल्या फण्यांवरही कोरतात. आमच्या सराफ्यात आता कासवाच्या अंगठ्या मांडलेल्या दिसतात.

शुभचिन्हं नशीब बदलतात की नाही, देव जाणे. आजीचा टाक मात्र पुसून पुसून गुळगुळीत झालाय. घोडेस्वार ओळखू येत नाही, चंद्रसूर्य येतात.