जळगावची केळी, भरताची वांगी व स्थलनामाचा पुरावा

जळगावची केळी व जळगावची भरताची वांगी या दोहोंस २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. पुढे २०२१ च्या जून महिन्यात तांदलवाडीची २२ टन मानांकित केळी दुबईस गेली. हा विषय व्यापाराचा. इतिहाससंशोधकांस त्याच्याशी काय कर्तव्य, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे निरसन करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

१९९९ चा यासंबंधीचा कायदा २००३ पासून अमलात आहे. मालाचा गुण, कीर्ती वा अन्य विशेष त्या भूमीमुळे आहे, हे त्यान्वये दाखवावे लागते. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडील अर्जात उत्पत्तीचा ऐतिहासिक पुरावाही द्यावा लागतो. हा हक्क विकता अथवा गहाण टाकता येत नाही.

शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ व योगरूढ असे भेद केले आहेत. ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेले खरे, परंतु त्याने कमळाचाच बोध होतो. म्हणून तो योगरूढ. ‘जळगावची केळी’ ही संज्ञाही तशीच: तीत स्थळ आहे व गुणही आहे. स्थळाचा अर्थ लोपून ती केवळ रूढ, म्हणजे सामान्यनाम झाली, तर कायदा तिची नोंदणी नाकारतो. जागतिक व्यापार करारानेही, मूळ देशात संरक्षण नसलेल्या नावास इतर देशांनी संरक्षण द्यावे असे बंधन घातलेले नाही. स्वदेशातील नोंदणी ही केवळ पहिली पायरी. परदेशात त्या त्या देशाच्या कायद्याने स्वतंत्र संरक्षण मिळवावे लागते.

आता पुराव्याविषयी. केळी पिकत होती असे सांगणारा कागद उत्पत्तीचा पुरावा होय. परगावच्या आडत्याने गावाचे नाव घेऊन ती मागितल्याचा कागद हा कीर्तीचा पुरावा होय. दुसऱ्याचे मोल अधिक, आणि तो सरकारी दप्तरापेक्षा पेढीच्या वह्यांत, हुंडी-पत्रांत व रेल्वेच्या पावत्यांत सापडण्याचा संभव अधिक. मात्र शोधकाने नावांचा क्रम ध्यानी ठेवावा. १८८० चे गॅझेटियर ‘खानदेश’ या नावाचे आहे. १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. ‘जळगाव जिल्हा’ हे नाव महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरचे.

पोथ्या आपण जपतो, आणि वाण्याची वही रद्दीत जाते. धुळ्यास १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. अशा संस्थांच्या सूचींत मालाचे नाव, स्थळ, तिथी व मागणी करणाराचे गाव या चार गोष्टी नोंदल्या जाव्यात. ज्या खानदेशी जिनसांची कीर्ती आज केवळ तोंडी आहे, त्यांचा उद्याचा अर्ज या नोंदींवरच उभा राहील.