आजोबा, वडील, मुलगा आणि बॅकअप

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे तीन आठवडे एका उद्योगात अडकलो होतो. तुमच्यापैकी नातेवाईकांना तो ठाऊक आहेच, कारण प्रत्येकाला फोन करून "बाबांचं काही रेकॉर्डिंग आहे का रे तुझ्याकडे?" असं विचारत सुटलो होतो.

झालं असं, की बाबा जाण्याआधीच्या वर्षी मी त्यांना बोलतं करून पाच रेकॉर्डिंग्ज केली होती. त्यातलं एक पानशेतच्या पुराचं. १२ जुलै १९६१ ला नारायण पेठेतल्या घरात पाणी शिरलं आणि आजी-आजोबांच्या लग्नाचे फोटो त्यात गेले, ही हकिकत. आमच्याकडे त्या लग्नाचा एकही फोटो नाही, तो त्यामुळे. "माझ्या फायली अशा जायच्या नाहीत" अशी मला घमेंड होती. दूरच्या शहरातला एक सर्व्हर भाड्याने घेतला होता. रोज रात्री दोन वाजता घरचा सगळा डेटा तिकडे जायचा. नियम एकच: तीस दिवसांपूर्वीचं काढून टाकायचं.

मग एके दिवशी डिस्क साफ करताना मीच चुकीचा फोल्डर उडवला. लक्षात आलं बेचाळिसाव्या दिवशी! सर्व्हरने काहीच चूक केली नव्हती. मी सांगितलं होतं तेवढंच त्याने इमानदारीने केलं होतं.

मग काय, स्वतःवर चरफडत इतरांच्या फजितीच्या कथा वाचत बसलो. (दुःख वाटून घेतल्याने कमी होतं म्हणतात.)

पहिली कथा अमेरिकेतल्या सेंट लुईसजवळची. तिथे सैनिकांच्या सेवापुस्तकांचं सरकारी दफ्तर होतं. १९७३ साली त्याला आग लागली. तारीख पुन्हा १२ जुलैच. योगायोग, पण वाचताना चरकलो. सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली जळाल्या. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती, कुणाकुणाच्या फायली होत्या याची धड सूचीसुद्धा नव्हती. इतकी वर्षं उलटून गेल्यावर २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक पाच मजली डेटा सेंटर जळून गेलं. तिथल्या काही ग्राहकांकडे बॅकअप होता, पण तोही त्याच आवारात!

दुसरी कथा पिक्सारची. १९९८ साली 'टॉय स्टोरी २' चं काम चालू असताना कुणीतरी एक कमांड दिली आणि चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप काढायला गेले तर तो कित्येक दिवस नीट होतच नव्हता. वाचवलं कुणी? गॅलिन सुसमन या तंत्रविभागाच्या बाईंनी. घरी लहान बाळ असल्याने त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या मशीनवर एक प्रत होती. ते मशीन ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणलं म्हणे. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅबचंही तेच झालं. रोजचे बॅकअप अपयशी ठरत होते, पण ते कळवणारे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत निघाली, म्हणून सहाच तासांचं काम बुडालं.

म्हणजे जागा वेगळी हवी आणि तपासणी हवी. पण माझी चूक तिसरीच होती. माझी प्रत दूर होती आणि चालूही होती, मी मुदत चुकवली होती.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर टेपच्या जमान्यातच सापडलेलं आहे आणि त्याचं नाव आहे 'आजोबा-वडील-मुलगा' पद्धत. रोजची टेप हा मुलगा, ती आठवड्याने पुन्हा वापरायची. आठवड्याची टेप म्हणजे वडील. महिन्याची टेप म्हणजे आजोबा, ती सर्वांत जास्त काळ जपायची. अलीकडची बॅकअप सॉफ्टवेअरं तर फाइलचे तुकडे करून फक्त बदललेले तुकडेच नव्याने साठवतात. म्हणजे रोज बदलणाऱ्या फायलींचा इतिहास जागा खातो. बाबांचं रेकॉर्डिंग कधी बदलणारच नव्हतं, ते कायम ठेवायला जास्तीचं काही लागलं नसतं. आणि मी दोन्हींना एकच नियम लावून बसलो होतो!

आता तीन वेगळे कप्पे केलेत. चालू कागदपत्रं: सात दिवस, चार आठवडे, बारा महिने अशा प्रती. डाउनलोड वगैरे कचरा: फक्त सात दिवस. फोटो आणि आवाज: आपोआप काहीही पुसायचं नाही. शिवाय घरच्या मशीनला तिकडे फक्त भर घालायची परवानगी आहे. पुसायचं असेल तर वेगळा पासवर्ड लागतो आणि तो बायकोकडे आहे. दर एक तारखेला कुठलीही एक फाइल परत आणून उघडून बघतो.

तर फोनाफोनीचं फळ: पाचांपैकी तीन रेकॉर्डिंग्ज वहिनीच्या जुन्या मोबाइलमध्ये मिळाली. आमच्या गॅलिनबाई त्याच. दोन गेली. त्यातलं एक पानशेतचं.

बाबांनी त्यात काय काय सांगितलं ते आठवेल तसं वहीत उतरवतोय. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं हे काही केल्या आठवत नाही. काका, आत्या, तुम्ही दोघं तेव्हा तिथे होतात. या रविवारी येतो. रेकॉर्डर घेऊन.