सहजीवन : एका शब्दाची जन्मकथा

सहजीवन शिकवताना आपण फळ्यावर तीन रकाने आखतो : दोघांचा फायदा, एकाचा फायदा, एकाचे नुकसान. पहिल्या रकान्यात शैवाक, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल, हमखास असते. पण ज्या शैवाकांमुळे हा शब्द जीवशास्त्रात आला, त्यांचा इतिहास पाहिला तर रकाने इतके पक्के वाटत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शैवाक ही एकच स्वतंत्र वनस्पती समजली जाई. १८६७ साली स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेन्डेनर यांनी सांगितले, की तिच्यातील हिरव्या पेशी म्हणजे शैवाल आणि त्यांना वेढणारे तंतू म्हणजे बुरशी. बुरशी धनी आणि शैवाले तिचे गुलाम, अशी उपमाही त्यांनी दिली. शैवाकांचे वर्गीकरण करण्यात हयात घालवलेल्या अभ्यासकांना हे रुचले नाही. विल्यम न्यूलँडर यांचा विरोध तर अखेरपर्यंत टिकला. पण १८७७ साली एर्न्स्ट श्टाल यांनी बुरशीचे बीजाणू आणि शैवाल एकत्र वाढवून प्रयोगशाळेत शैवाक घडवून दाखवले.

मग या नात्याला म्हणायचे काय? त्याच वर्षी आल्बर्ट फ्रँक यांनी असा शब्द सुचवला, की ज्यात कोण कोणाला लुबाडतो हे आधीच ठरवलेले नसेल. १८७८ साली कासेल येथील भाषणात आंटोन डी बारी यांनी हीच कल्पना 'सिम्बायोसिस' या नावाने मांडली : भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र राहणे, एवढाच तिचा अर्थ. बटाट्याच्या करप्यावर संशोधन केलेल्या डी बारींनी परजीवितेलाही त्यात जागा दिली. 'परस्परांचा फायदा' हा मर्यादित अर्थ नंतर रूढ झाला.

त्यांची ही सावधगिरी योग्यच होती. शैवाल बुरशीला साखर पुरवते; बुरशी त्याला ओलावा आणि आसरा देते. पण शैवाकातील काही शैवाले बुरशीवाचूनही जगतात. मग त्यांचा फायदा किती? मुळांवरील बुरशीला 'मायकोरायझा' हे नाव फ्रँक यांनीच १८८५ साली दिले. ती झाडाला फॉस्फरस मिळवून देते. पण जमिनीत तो मुबलक असेल, तर तिला पोसणे झाडाला कधी कधी भारी पडते. जोडीदार तेच, रकाना मात्र बदलला! २०१६ साली तर अनेक शैवाकांत आणखी एक बुरशी, यीस्टच्या रूपात, आढळली. तिचे नेमके काम काय, यावर संशोधन चालू आहे.

म्हणून रकाने जरूर आखूया, पण खाली एक ओळ जोडूया : 'कोणत्या परिस्थितीत?' एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, शैवालाचा खरंच फायदा होतो का?", तर त्याला गप्प करू नये. श्वेन्डेनर आणि डी बारी यांच्यासमोरचा प्रश्न हाच होता.