निळ्या पडद्यावरची भाषा

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांतून २००० नंतरच्या दशकात ज्यांनी संगणकाचे शिक्षण घेतले, त्यांच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर आजही एक निळा पडदा उभा राहतो. हा टर्बो सी++चा पडदा. बोर्लंड कंपनीने तो १९९० साली डॉसवर चालणाऱ्या यंत्रांसाठी आणला. सी++ या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले १९९८ साली. म्हणजे मुले शिकत होती ती प्रमाणभाषा ठरण्यापूर्वीची बोली. पुढे नवी विंडोज तो जुना कार्यक्रम चालवीनाशी झाली, तेव्हा डॉसचा आभास निर्माण करणारे सॉफ्टवेअर घालून निळा पडदा जिवंत ठेवण्यात आला!

आम्ही साहित्याच्या वर्गात लीळाचरित्र शिकवतो, परंतु ती यादवकालीन मराठी आहे हे आधी सांगतो. प्रयोगशाळेत हे सांगणे बहुधा राहून जाई. मग पदवी हाती आलेला विद्यार्थी स्टेशनालगतच्या क्लासमध्ये पुन्हा पैसे भरून जावा शिके. ज्या घरांनी पहिली फी मोठ्या कष्टाने भरली होती, त्यांना ही दुसरी फी जड जाई.

पण नवी भाषा म्हणजे योग्य भाषा, हेही आम्हांस मान्य नाही. निक्लाउस विर्थ यांनी १९७०च्या सुमारास पास्कल रचली ती प्रामुख्याने शिकवण्यासाठी. डेनिस रिची यांची सी युनिक्सच्या गरजेतून घडली. अध्यापनाची भाषा आणि धंद्याची भाषा हा वाद तेव्हापासूनचा आहे. शतक संपताना वर्षाच्या दोन अंकांचा घोळ निस्तरण्यासाठी कालबाह्य म्हणून हिणवलेल्या कोबोलच्या जाणकारांना पुन्हा मागणी आली, हे तर सर्वांच्या देखत घडले.

मुंबई विद्यापीठाने २०१६-१७च्या अभ्यासक्रमात या वादाला एकाच वेळी दोन उत्तरे दिली. बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला पायथॉन आली; माहिती तंत्रज्ञानाच्या पहिल्या वर्षाचा आरंभ मात्र सी भाषेनेच होत राहिला. आणि ‘नवी’ म्हणून स्वागत झालेली पायथॉन प्रथम प्रसिद्ध झाली १९९१ साली, म्हणजे वयाने ती निळ्या पडद्याचीच समवयस्क. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत नवशिक्यांसाठी घडवलेल्या एबीसी या भाषेचा संस्कार तिच्यावर आहे. आरंभाला ती शोभते ती त्यामुळे. आमचा कौल पायथॉन आधी आणि सी नंतर असा आहे. स्मृतीचा एकेक कप्पा हाताने मांडल्यावाचून यंत्राचे अंतरंग कळत नाही, असे आमचे संगणकशास्त्रातील सहकारी सांगतात आणि आम्हांला ते पटते.

ठाण्याचे बांदोडकर, कल्याणचे बिर्ला ही महाविद्यालये आता स्वायत्त आहेत. विद्यापीठाकडे बोट दाखवण्याची सोय त्यांना उरलेली नाही. भाषेबरोबर त्यांनी परीक्षेचाही विचार करावा. लेखी परीक्षेत मुले अजून कागदावर प्रोग्राम लिहितात, आणि ठरावीक निबंधांप्रमाणे ठरावीक प्रोग्रामही पाठ होतात. पाठ करणाऱ्याला सी काय आणि पायथॉन काय.